पत्रूच्या पुढे कोणी चालत नाही

पत्रूने लॅपटॉपच्या काचेवर बोट टेकवलं. वनखात्याच्या राऊंडसाहेबांनी ते बोट चिमटीत धरून उचललं आणि टेबलाच्या कडेवर ठेवून दिलं. काचेला डाग पडतो, हे तोंडाने सांगणं त्यांनी आता सोडून दिलं होतं.

“ही मोनाली नाई, साहेब,” पत्रू म्हणाला. “मोनालीची भावजय हाये. रुपाली.”

“साडी मोनालीची आहे असं गार्ड म्हणतो.”

“साडी मोनालीचीच हाये. आजकाल बदलून नेसून राह्यल्या त्या. पण पाठ रुपालीची हाये. मोनालीच्या डोक्यावर मोळी आली का ते डाव्या आंगाले झुकते. हे पाहा, कशी सरळ चालली.”

साहेबांनी मान डोलावली आणि रुपालीचं नाव टाइप केलं. मोनाली वाचली. तिने पत्रूचे आभार मानायला हरकत नव्हती, पण हिरडीटोल्यात तशी पद्धत नव्हती.

हिरडीटोल्याच्या रानात झाडांना बांधलेले हे कॅमेरे मुळात वाघांसाठी होते. गुडघ्याच्या उंचीवरची हिरवी डबी. समोरून अंगात ऊब असलेलं काही गेलं की ती आपोआप फोटो काढायची. पण वाघ आपल्या सवडीने यायचा आणि माणसं रोज जायची. सरपणाला जायची, बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, मासे धरायला जायची, आवळे वेचायला जायची. पांढरे पट्टे मारलेल्या झाडांपलीकडे सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यानंतर पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता, आणि तो माणसांच्या भल्यासाठीच होता. अडचण एवढीच, की दिवस उगवल्यावर रिसॉर्टात चादरी धुवायला हजर व्हायचं असेल तर सरपण त्याआधीच आणावं लागे. त्यामुळे वाघाच्या एका फोटोमागे माणसांचा ढीग जमायचा. एवढे फोटो वाया कशाला घालवायचे, असा काटकसरी विचार वर कोणाच्या तरी मनात आला.

पहिल्यांदा सापडलं की फोटो चौकातल्या फलकावर लागे. दुसऱ्यांदा सापडलं की त्या घराचा रानात जायचा पास हंगामभर बंद. सरपण नाही, मासे नाहीत, आणि घरातला पोरगा पर्यटकांच्या जिप्सीवर गाईड असेल तर तोही घरी. लोक शहाणे झाले. कुठल्या झाडाला डबी आहे ते ध्यानात ठेवून तोंडावर दुपट्टा गुंडाळून जाऊ लागले. साहेबांच्या हाती नुसत्या पाठी उरल्या.

पत्रूचा बाप ढोरकी, आजा ढोरकी. गावची ढोरं चारून आणणाऱ्याचा जन्म ढोरांच्या मागे जातो. तोंडं बघायची वेळ फारशी येत नाही. धुळीत पुढे चाललेल्या कळपातली कोणाची गाय लंगडते, कोणाची गाभण आहे, हे पत्रू मागूनच सांगे. मग रानातली चराई बंद झाली. लोकांनी ढोरं विकली, आणि पत्रूच्या हातात काठी तेवढी राहिली. एका पावसाळ्यात सरपण ओलं झालं तेव्हा तीही चुलीत गेली. पुढे एका हरवलेल्या वासराची चौकशी करायला तो वनखात्याच्या नाक्यावर गेला असताना साहेबांच्या लॅपटॉपवर त्याला एक पाठ दिसली, आणि तो सहज बोलून गेला, “हे इसरूची माय काऊन दिसून राह्यली ह्याच्यात?”

साहेबांनी त्याला खुर्ची दिली. सरकारी जागेत पत्रूला मिळालेली ती पहिली खुर्ची.

त्यानंतर हिरवं जाकीट मिळालं, मोबाइल मिळाला, रानातल्या डब्यांचे सेल बदलायचं काम मिळालं. पुढच्या मार्चला वनमजूर म्हणून कायम करतो, असं साहेब म्हणाले. कुठला मार्च, ते म्हणाले नाहीत, पण शब्द दिला होता.

गावाने मग पत्रूला पाठ दाखवणं बंद केलं. ठरवून नव्हे, बैठक वगैरे काही झाली नाही. हातपंपावर तो दिसला की बाया बादलीभोवती फिरून तोंड त्याच्याकडे करत. लग्नाच्या पंगतीत लोक भिंतीला टेकून बसायची जागा आधी धरत. पाणंदीतून जाताना मागून पत्रू येतोय असं कळलं की पुढचा माणूस बाजूला होऊन चपलेतला खडा काढू लागे, आणि पत्रू पुढे गेल्यावरच तो खडा निघे. जन्मभर सगळ्यांच्या मागे चाललेला पत्रू आता सगळ्यांच्या पुढे चालू लागला. त्याला हा मान वाटला. आणि मान नव्हता असंही म्हणता येत नाही, कारण मान देताना माणसं साधारण असंच वागतात.

एक इसरू तेवढा मानायचा नाही. हा मासे धरणाऱ्या ढिवराचा, पत्रूच्याच वयाचा. लहानपणी दोघांनी एका म्हशीवर बसून बोडी ओलांडलेली. पत्रू मागून आला तरी इसरू जाळ्याची पिशवी खांद्यावर टाकून पुढे डुलत चालायचा, आणि वरून म्हणायचा, “पाहून घे गा, पत्रू. नीट पाहून घे. मांगून बी देखणाच हावो मी.”

त्याच्या म्हाताऱ्या आईचा, भागीरथाचा, फोटो फलकावर सगळ्यांत आधी लागला होता. इसरूने त्या वेळीही भांडण केलं नाही. फलकासमोर उभा राहून तो एवढंच म्हणाला, “माय, तुहा पयलाच फोटो निंगाला वो. तो बी सरकारी खर्चानं.”

डिसेंबरात नताशाच्या पायात फास अडकला.

नताशा ही वाघीण. हे नाव तिला पर्यटकांनी दिलं होतं, आणि नागपूर-मुंबईकडे तिला ओळखणारी माणसं हिरडीटोल्याला ओळखणाऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त होती. रानडुकरासाठी कोणी तरी तारेचा फास लावला होता. तिने तो झटकून तोडला, पण तार पायात रुतली. तीन पायांवर चालणाऱ्या नताशाचा व्हिडिओ एका दिवसात सगळीकडे गेला. वरून फोन आले. त्याहून वरूनही आले.

फासाजवळच्या डबीत एकच फोटो होता. काळापांढरा, धुरकट. फास सापडला त्याच दिवसाची पहाट, सूर्य उगवायला अवकाश. एक माणूस, पाठमोरा, अंगावर चादर, डोक्याला दुपट्टा, खांद्याला जड पिशवी. डावा खांदा पिशवीने खाली ओढलेला. उजवा हात कोपरात थोडा उचललेला.

“हा कोण?” साहेबांनी विचारलं.

पत्रूने फोटो पाहिला. बोट काचेपर्यंत नेलं आणि मागे घेतलं. पुन्हा पाहिला. खुर्चीतून उठून जरा दुरून पाहिला, ढोरं पाहावीत तसा.

“आपल्या गावचा नाई, साहेब.”

“बाहेरचा माणूस पहाटे अंधारात एवढ्या आत येईल?”

“नसन येत.”

“मग?”

 पाठ पाहून नाव तोंडात आलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. जिभेच्या टोकावर आहे असंही वाटत नव्हतं. समोर एक माणूस होता आणि तो कोणीच नव्हता.

साहेबांनी लॅपटॉप मिटला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांची मुलगी बारावीला होती आणि बदली तोंडावर आली होती. “पत्रू, वाघिणीला नाव आहे. तिच्या बछड्यांनाही आहे. आणि माझ्या रिपोर्टात ‘अज्ञात इसम’. बरं दिसतं का? शनिवारपर्यंत बघ. नाव नाही आलं तर अख्ख्या गावाचे पास बंद करायला सांगतायत. आणि तुझ्या कायमच्या कागदाचं मी मग कोणत्या तोंडाने बोलू?”

फोटो मोबाइलवर घेऊन पत्रू गावात हिंडला. पास बंद झाला तर गाव काय खाणार आणि कशावर शिजवणार, हे त्याने प्रत्येकाला सांगितलं. लोकांना ते माहीत होतं. ते फोटो पाहत, मग मान वर करून पत्रूकडे पाहत, मग पुन्हा फोटोकडे. मग म्हणत, “नाई बा. नाई ओळखू येऊन राह्यला.”

रुपालीने तर मोबाइल हातातही घेतला नाही. “मले कायले इचारता, भाऊ? मी तं दुसऱ्याची साडी नेसून जातो.”

भागीरथा अंगणात पाय पसरून उन्हाला बसली होती. तिने मोबाइल नाकाला लागेपर्यंत जवळ नेला. बराच वेळ पाहिला.

“डोळ्यानं दिसत नाई बाबू आता,” ती म्हणाली, आणि मोबाइल उलटा करून, काच खाली घालून, त्याच्या हातात दिला.

घरी नीलाबाईने फोटो पाहिला तेव्हा तिच्या हातातला पळा थांबला. पत्रू तिच्या तोंडाकडे बघत होता. बायको लबाडी करते का ते पाहायला त्याला तोंड वाचता येत नव्हतं, तो सरावच नव्हता.

“तुले मालूम हाये,” तो म्हणाला.

“मले भात मालूम हाये. थंडा होते. जेवा.”

“नीला, गावाचा सवाल हाये.”

“हे कोणाले दाखवत हिंडू नका तुमी,” ती भात वाढत म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली गेला होता. “झालं ते झालं. साहेबाले सांगा, नाई सापडत.”

म्हणजे हिलाही माहीत आहे, हे पत्रूला कळलं. अख्ख्या गावाला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. आजवर उलट असायचं. त्या रात्री तो जेवला, पण चव लागली नाही.

इसरू त्याला बोडीच्या पाळीवर, बांधावर, सापडला. जाळं पसरून भोकं शिवत बसला होता. पत्रूने मोबाइल पुढे धरला. इसरूने पाहिलं, आणि हसायला लागला. असा हसला की शेवटी ठसका लागला, डोळ्यांना पाणी आलं, सुई जाळ्यात हरवली.

“हसून काऊन राह्यला?”

“अरे, हा तं गावातला सबसे बडा चोर हाये गा!”

“नाव सांग.”

“नाव सांगाचं काम तुह्यं हाये. जाकीट तुले भेटलं. मी कायले सांगू फुकट?”

“इसरू, गंमत नको करू. पास बंद होते सगळ्यायचा. तुही बोडी बी गेली मंग.”

इसरूचं हसू थांबलं. त्याने पत्रूकडे पाहिलं, थट्टेतला माणूस खरंखुरं काही तरी दिसल्यावर पाहतो तसं. “तुले खरंच नाई समजून राह्यलं?”

“का?”

“नाई,” इसरू म्हणाला आणि सुई शोधायला लागला. “नाटक मस्त करतं तू. पण मले नको इचारू. माह्या मायचं नाव तू सांगतलं. मी कोणाचं सांगत नाई.”

पत्रू पाळीवरून परत निघाला. मागे इसरू पुन्हा हसला, किंवा खोकला. पत्रूच्या कानात ते हसणं घरापर्यंत आलं. त्या हसण्यात जे होतं ते त्याने आपल्या परीने जुळवलं. निर्दोष माणूस असा हसत नाही. जाळ्याची पिशवी जड असते. डावा खांदा. उजव्या हातात तार धरली असेल. इसरूची पाठ अशी नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. म्हशीवर बसल्यापासून ठाऊक होतं. पण अंधार होता, चादर होती, आणि शनिवार दुसऱ्याच दिवशी होता.

“इसरू,” तो साहेबांना म्हणाला.

“नक्की?”

“हो.”

साहेबांनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग टाइप केलं.

इसरूच्या घरात तार सापडली. तार सगळ्यांच्याच घरात होती, कुंपणाला नाहीतर कपडे वाळत घालायला, पण झडती इसरूच्याच घराची होती. गाडीत बसवताना तो ओरडला नाही. चौकात सगळं गाव तोंडं पत्रूकडे करून उभं होतं. इसरूने पत्रूकडे पाहिलं आणि उजवा हात कोपरात थोडा उचलून तसाच धरला. कोणाला वाटलं, निरोप घेतोय. पत्रूला वाटलं, धमकी देतोय. मग गाडी गेली आणि इसरूला चंद्रपूरच्या जेलात नेऊन ठेवल्याचं दोन दिवसांनी कळलं.

गावाचे पास चालू राहिले. पत्रूची भाकरी, म्हणजे भात, चालू राहिला. कोणी त्याला काही म्हणालं नाही. आता तर मुलंसुद्धा त्याच्यासमोर पळताना उलटी पळू लागली, आणि एक पडून त्याचं कोपर फुटलं.

संक्रांत उलटल्यावर नाक्यावर सूरज नावाचा नवा गार्ड आला. पोरगा नागभीडकडचा, कॅमेऱ्यांचं ट्रेनिंग घेऊन आलेला. पहिल्याच आठवड्यात तो पत्रूबरोबर रानात गेला, आणि पत्रूने एका डबीचे सेल बदलून घड्याळ लावलं तेव्हा म्हणाला, “काका, हे पाहा. हे एएम राह्यलं. आता संध्याकाळ हाये ना? हे पीएम करा लागते. नाई तं हे संध्याकाळले पहाट दाखवते.”

“आकडा तं बरोबर हाये.”

“आकडा बरोबरच राहते. दिवस उलटा होते.”

पत्रूने चूक दुरुस्त केली, डबी बंद केली आणि पिशवी खांद्याला अडकवून निघाला. मागे डबीतला लाल ठिपका एकदा लुकलुकला. सेल बदलून निघालेल्या माणसाचा फोटो पहिला येतो. सूरज म्हणाला, ट्रेनिंगमध्ये सगळ्यांचे असे ढुंगणाचे फोटो निघाले होते.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर लॅपटॉप उघडा होता. पत्रू आपल्या खुर्चीत बसला. काचेवर डिसेंबरातली तीच पाठ होती. अंगावर चादर, डोक्याला दुपट्टा, डावा खांदा पिशवीने खाली ओढलेला. उजवा हात कोपरात थोडा उचललेला. जशी त्यात काठी आहे आणि पुढे ढोरं आहेत. हातात काठी नव्हती. ती केव्हाच जळाली होती. हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

पत्रूने आपला उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्यावर डावा ठेवला.

डिसेंबरातली ती संध्याकाळ त्याला आता दिसली. फास सापडायच्या आदल्याच... नाही, त्याच दिवसाची. दुपारी फास सापडला, लोक आले-गेले, आणि धावपळीत साहेबांनीच सांगितलं होतं की त्या डबीचे सेल संपलेत, बदलून ये. जाकीट नीलाबाईने धुवायला टाकलेलं, म्हणून चादर.

साहेब आतून चहाचा कप घेऊन आले. त्यांनी काचेकडे पाहिलं, मग पत्रूकडे.

“दिसलं?” ते म्हणाले.

“साहेब, तुमाले...”

“घड्याळ उलटं होतं, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. त्या डबीचे सेल तूच बदललेस ना.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “मला वाटलं, बघून म्हणशील, अरे साहेब, हा तर मीच. दोघं हसू आणि दुसरं काही तरी शोधू. तू म्हणालास, गावचा नाही. मग म्हणालास, इसरू.”

“मंग आता सांगा ना वर. इसरू सुटन.”

“काय सांगू? पाठ ओळखणाऱ्या माणसाला स्वतःची पाठ ओळखता आली नाही? मग आधीच्या सगळ्या पाठी? रुपाली, ती म्हातारी, बाकीची घरं? सगळंच उकरावं लागेल, पत्रू. आणि वर त्यांनी नाव स्वीकारलंय.” त्यांचा आवाज चढला नाही. “जामीन होतो अशा केसमध्ये. उन्हाळ्यापर्यंत येईल बाहेर. तुझा कागद मी पुढे पाठवलाय.”

मग त्यांनी एक बटण दाबलं आणि काचेवरून ती पाठ गेली. तिच्या जागी दुसरी आली. एक बाई, मोळी, उजवा पाय किंचित ओढत चाललेली.

“ही कोण?”

पत्रूने पाहिलं. त्याचं बोट उचललं गेलं, काचेला टेकलं, आणि या वेळी साहेबांनी ते हलवलं नाही.

दुपारी तो पाणंदीने घरी निघाला. गाव काय समजून होतं, ते आता त्याला एकेक करून कळत होतं. रुपाली, नीला, पाळीवर सुई शोधणारा इसरू. त्यांना घड्याळाचं काय माहीत? त्यांना वाटलं, फास यानेच लावला, आणि आता मोबाइल घेऊन विचारत फिरतो आहे की कोण कोण तोंड उघडतं. कोणाची छाती होती, त्याचं नाव त्यालाच सांगायची?

मागे पाचोळा वाजला. सरपण घेऊन बाया येत होत्या, दिवसाउजेडी, पासवर. पुढे भागीरथा होती. इसरूला नेल्यापासून मोळी तीच आणायची. पत्रू बाजूला झाला. सागाच्या एका झाडाला पाठ लावून उभा राहिला.

बायाही थांबल्या.

“व्हा समोर,” तो म्हणाला.

कोणी हललं नाही. मोळ्यांखाली माना ताठ होत्या. एकीने चपलेतला खडा शोधायला पाय उचलला.

“काकी, डोक्शावर ओझं हाये. तुमी व्हा ना समोर.”

भागीरथाने त्याच्याकडे पाहिलं. तिला दिसत नव्हतं असं ती म्हणायची, पण नजर नेमकी होती. लहानपणी ती त्याला इसरूबरोबर एकाच ताटात वाढायची आणि दोघांनाही एकच शिवी द्यायची.

“नाई,” ती म्हणाली. “तुमी चाला, भाऊ. आमी हावो ना मांगं.”

पत्रू झाडापासून सुटला आणि चालू लागला. मागे पाचोळा पुन्हा वाजायला लागला, त्याच्याच पावलाच्या बेताने. थोडं गेल्यावर त्याला जाणवलं की उजवा हात वर आला आहे. त्याने तो खाली केला. पाणंद वळली तिथवर त्याने तो तसाच मांडीला दाबून धरला, आणि वळणावर तो परत वर आला.